आवाजाचं बटण

आमच्या घरात आवाज भोंग्यांचा असे, बाबांचा नसे. मधू माईकवाला म्हणून त्यांना अर्जुनीपासून देवरी-चिचगडपर्यंत गावोगाव ओळखत. लग्नाला, जयंतीला, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला आणि निवडणूक आली की सभांना त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. पण हाच माणूस घरी आला की दिवसाकाठी पंधरा-वीस शब्दांत भागवायचा. आई म्हणायची, "दिसभर दुसऱ्याचं बोलनं वाहून आनते, मंग सोताचं कुठून उरंल?" दोन खोल्या आणि एक पडवी एवढं आमचं घर. पडवीत चार भोंगे एकात एक घालून ठेवलेले, शेजारी तारांची वेटोळी आणि भिंतीला लागून चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. त्या बॅटऱ्या दिवसभर बुडबुडत असत आणि त्यांचा आंबट वास आईच्या अंबाडीच्या भाजीत मिसळायचा. कॉलेजात मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा अंबाडीची भाजी खाल्ली तेव्हा ती मला अळणी लागली. काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं, आणि काय कमी आहे ते कळल्यावर मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

बाबांची खरी कमाई त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत होती. सभेत ते स्टेजच्या बाजूला, मशीनपाशी पोत्यावर बसत आणि ती दोन बोटं आवाजाच्या बटणावर ठेवत. पुढारी लोक बोलता बोलता मध्येच शेजारच्याकडे तोंड वळवतात आणि माईक चालू आहे हे विसरतात. कुणाला शिवी देतात, कुणाची जात विचारतात, समोरच्या गर्दीला काय वाटेल ते म्हणतात. बाबा म्हणत, आधी मान वळते, मग जीभ. मान वळायला लागली की बाबांचं बटण फिरायचं, इतकं हळू की समोर बसलेल्यांना वाटावं, वारा जरा पलटला. वाक्य संपलं की आवाज पुन्हा जागेवर. गोंदिया जिल्हा नवा झाला त्या काळात नव्या नव्या माईकवाल्यांकडे चकचकीत सामान आलं होतं, पण पुढारी बाबांनाच बोलवायचे, ते याच दोन बोटांसाठी. हे कुणी बोलून दाखवत नसे. बाबाही नाही.

जे थेट माईकमध्ये बोललं जायचं त्याला मात्र बाबांकडे इलाज नव्हता, आणि आमच्या भागाचे भाऊसाहेब थेट माईकमध्ये पुष्कळ बोलत. माणूस दुष्ट नव्हता. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, फक्त जीभ पुढे आणि डोकं मागे असा चालायचा. एका दवाखान्याच्या उद्घाटनात त्यांनी हात जोडून आशीर्वाद दिला की हा दवाखाना सदैव असाच भरलेला राहो. सामूहिक लग्नात म्हणाले, पुढच्या वर्षीही हीच जोडपी या मांडवात बसलेली मला पाहायची आहेत. आपल्या जुन्या शाळेत गेले तेव्हा मुलांना सांगितलं, मी या शाळेत सात वर्षं शिकलो आहे, त्यामुळे अडाणीपणा काय असतो ते मला विचारा. लोक टाळ्या वाजवत, कारण भाषणात टाळ्या वाजवायच्या असतात, आणि मग घरी जाताना बैलगाडीत हसत.

बाबा प्रत्येक सभा टेप करायचे. पुढाऱ्यांची माणसं कधी कधी कॅसेट मागत, म्हणून ती सवय पडलेली. कॅसेटवर गावाचं नाव आणि वक्त्याचं नाव लिहून ती पेटीत लावणं हे माझं काम होतं. मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. दुपारी आई धानाच्या रोवणीला किंवा निंदणीला गेलेली असायची, बाबा कुठे तारा बांधत असायचे, आणि मी एकटी पडवीत बसून भाषणं ऐकायची. ऐकता ऐकता हात चालायला लागायचा. जुन्या पोस्टरांच्या कोऱ्या बाजूवर मी काळ्या शाईने चित्रं काढायची: भरलेल्या दवाखान्याकडे कौतुकाने बघणारे भाऊसाहेब, एका खाटेवर तीन-तीन रोगी, मांडवात दरवर्षी तीच जोडपी, हळूहळू म्हातारी होत चाललेली, बाशिंगं तीच. मी चित्रं काढते हे बाबांना माहीत होतं. जयंतीच्या मिरवणुकीचा फलक दरवर्षी मीच रंगवायची आणि विहारातली माणसं बाबांजवळ माझं कौतुक करायची. पण ही चित्रं त्यांना माहीत नव्हती. ती मी पाकिटात घालून गोंदियाला छोटेलालजींकडे पाठवायची.

छोटेलालजी एक साप्ताहिक काढत. मथळे मराठीत, बातम्या हिंदीत, जाहिराती दोन्हीत. पहिलं चित्र मी स्वतः घेऊन गेले होते, गोंदियाला परीक्षेचा फॉर्म भरायचा बहाणा करून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र जवळ धरलं, आणि पोट हलेस्तोवर हसले. "बेटी, तू तो खतरनाक है. नाम क्या छापूँ?" मी म्हटलं, नाव नको. मग त्यांनीच सुचवलं की खाली काहीतरी निशाणी कर. मी कोपऱ्यात एक छोटा कान काढला. तेव्हापासून ती चित्रं 'कान'ची म्हणून ओळखली जायला लागली. चहाच्या टपरीवर माणसं तो अंक उलटा धरून शेवटचं पान आधी बघायची, आणि मी बाजूने कॉलेजची बॅग छातीशी धरून जायची. तेवढा गर्व मला आयुष्यात नंतर कधी झाला नाही. आज सांगायला हरकत नाही, मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

त्या वर्षी धान निसवायला आलं, लोंब्या फुटायची वेळ झाली आणि पाऊस रुसला. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात. तिथपर्यंत कालवा खोदून झाला होता, पाणी तेवढं कधी आलं नव्हतं. कोरड्या कालव्यात बकऱ्या चरायच्या आणि पोरं विटीदांडू खेळायची. निवडणूक तोंडावर होती, म्हणून भाऊसाहेब तिथे सभेला गेले. मी गेले नव्हते, माझी तोंडी परीक्षा होती. दोन दिवसांनी मी ती कॅसेट लावली. भाऊसाहेब गरजत होते की इटियाडोहचं पाणी तुमच्या धानाच्या बांध्यांत आल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या विरता विरता त्यांचाच आवाज, जरा बाजूने, घरगुती सुरात आला: "दिगांबर, या गावात कालवा आहे का रे?" मग त्यांच्या उजव्या हातासारखा सतत सोबत असणारा दिगांबर कुजबुजला, "हाये ना साहेब, मागंच हाये तुमच्या." आणि भाऊसाहेब पुन्हा माईकमध्ये, पाण्याबद्दलच. मी टेप मागे घेऊन ते वाक्य चार वेळा ऐकलं. हसून हसून मला ठसका लागला.

चित्र एका बैठकीत झालं. कालव्याच्या पाळीवर स्टेज, भाऊसाहेब कपाळावर हात धरून दूर क्षितिजाकडे बघताहेत, पाठीमागे कोरडा कालवा, त्यात पाच-सहा बकऱ्या मान वर करून त्यांच्याकडे बघताहेत, आणि एक बकरी त्यांच्या गळ्यातल्या हाराचं मागचं टोक खाते आहे. खाली त्यांचंच वाक्य, जसंच्या तसं: या गावात कालवा आहे का रे? कोपऱ्यात कान. छोटेलालजींनी ते पहिल्या पानावर छापलं.

माझी चूक काय झाली होती ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. टेपकडे जाणारी तार मशीनमधून आवाजाच्या बटणाच्या आधीच निघायची. बाबांनी बटण फिरवलं की भोंगे मुके व्हायचे, पण टेप ऐकतच राहायची. जो सभेत बसला होता त्याला ती शांतता ठाऊक होती. मी सभेत नव्हते. कॅसेट ऐकणाऱ्याला भोंगा कधी बंद झाला ते कळत नाही. बटण फिरलं की टेपही मुकी होत असणार असंच मी धरून चालले होते, म्हणून मला वाटलं, हे वाक्य साऱ्या गावाने ऐकलं आहे आणि मी फक्त त्याचं चित्र काढते आहे, नेहमीसारखं. प्रत्यक्षात त्या सभेत ते वाक्य फक्त तीन माणसांनी ऐकलं होतं.

अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी दिगांबर आमच्या घरी आला. दुपारची वेळ. बाबा पडवीत एका भोंग्याचं मागचं युनिट उघडून बसले होते, मी आत दाराआड सुपात तांदूळ पाखडत होते. दिगांबर खाटेवर बसला. चहा नको म्हणाला, मग आईने दिल्यावर घेतला. चहा संपेपर्यंत धानाचं, पावसाचं, कुणाच्या तरी म्हशीचं बोलला. मग खिशातून अंक काढून त्याने बाबांच्या पुढ्यात, उघड्या युनिटच्या शेजारी, नीट सपाट करून ठेवला.

"मधू, पाय बरं हे."

बाबांनी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. माझ्या सुपातले तांदूळ मी खाली ठेवले नाहीत, कारण ठेवताना आवाज झाला असता.

"गावातले लोक भांडून रायले," दिगांबर म्हणाला. "अर्धे म्हनतेत, आमी तिथंच बसलो होतो, साहेब असं बोललेच नाही, पेपरवाला खोटाडा हाये. अर्धे म्हनतेत, बोलले असतील, दिसतेच तसं. मी तुले एकच इचारतो. हे वाक्य कितीक जनायनं आयकलं?"

"तिघायनं," बाबा म्हणाले.

"साहेब सोता. दुसरा मी. तिसरा?"

"तिसरा मी."

"मंग हा कान कोनाचा हाये?" त्याने कोपऱ्यातल्या कानावर बोट ठेवलं.

"माया नाही."

"टेप कोनाजवर जाते तुयी?"

"कोठंच नाही जात," बाबा म्हणाले, "घरीच रायते." आणि ते शेवटचे शब्द बोलताना त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. ते दाराकडे वळले नाहीत. उलट मान जास्तच खाली घातली. पण मला कळलं की त्यांना कळलं. सूप हातात तसंच राहिलं, आणि मनात एकच होतं की बाबा आता काय बोलतील.

 दिगांबरच बोलला, शांतपणे, आवाज न चढवता. येत्या बाजाराच्या दिवशी भाऊसाहेब त्याच गावात पुन्हा सभा घेणार होते. साहेबांनी स्वतः नाही म्हटलं तर लोक हसतील, पण माईकवाल्याने सांगितलं तर लोक मानतील. माईकवाला सगळं ऐकतो हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा मधूने स्वतः माईकवर येऊन सांगायचं की भाऊसाहेब असं बोललेच नाहीत. काय बोलायचं ते लिहून देतो. तसं केलं तर निवडणुकीच्या सगळ्या सभा आधी ठरल्याप्रमाणे त्याच्याच. नाही केलं तर एकही नाही, आणि मग दिगांबर स्वतः घरोघर फिरून हा कान शोधेल. उठता उठता तो पडवीच्या टोकाशी थांबला आणि म्हणाला, "पोरगी तुयी कॉलेजात जाते ना रे? येकटीच जाते येष्टीनं?" बाबांनी मान हलवली. दिगांबर गेला.

आजकाल लोक मला विचारतात, तुम्हाला भीती नव्हती का वाटत? आता एखाद्या पुढाऱ्याची जीभ घसरली की संध्याकाळपर्यंत ती गावातल्या प्रत्येक मोबाईलवर असते, आणि शेजारी बसून बटण फिरवणारा कुणी राहिलेला नाही. माझ्या हाताखाली शिकणारी मुलं तासाभरात दहा चित्रं करतात आणि नावासकट टाकतात. मी त्यांना हो म्हणते, वाटायची. पण ती भीती माझ्यासाठी नव्हती, हे त्यांना समजावत बसत नाही. त्या दुपारी मला दिसत होती ती बाबांची वाकलेली मान, आणि तिच्यावर जे येऊन बसलं होतं ते मी आणलेलं होतं.

दिगांबर दिसेनासा झाल्यावर बाबांनी हाक मारली. मी बाहेर आले. आई चुलीपाशी उभी, हातात राखेचं फडकं.

"टेपवर आयकलं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"तवा भोंगा बंद होता."

मला कळायला दोन क्षण लागले. "मले वाटलं सगळ्यायनं आयकलं," मी म्हटलं. "बाबा, मी जातो दिगांबरभाऊकडे. सांगतो मीनंच काढलं म्हनून."

"तुयं नाव या घराच्या बाहेर नाही जात," बाबा म्हणाले.

आई मात्र फुटली. चार रेघा काढायला कुणी सांगितलं होतं, फुलं काढायची, पाखरं काढायची, रांगोळ्या थोड्या होत्या का. मग रडत रडतच म्हणाली, "ते कॅसेट आधी चुलीत घाला." बाबांनी तिच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि खाटेवर ठेवलं. "कॅसेट जाळाची नाही," ते म्हणाले, "तिनं तं जे आयकलं तेच ठेवलं." त्या दिवशीचे त्यांचे पंधरा-वीस शब्द कधीच संपले होते, तरी ते माझ्याकडे वळून पुढे बोलले, तुटक तुटक. मानूस तोंड वळवून बोलते तवा ते लोकायसाठी नसते. ते आपन लोकायपरेंत नाही नेवाचं. दहा-बारा वर्सं मी हेच केलं. लोक मायावर भरोसा ठेवतेत ते याच्यासाठी. मी मान खाली घालून ऐकलं, पण मी एकोणीस वर्षांची होते, आणि गप्प बसणं मला जमत नसे. म्हटलं, "पन बाबा, पानी आनतो हे मोठ्यानं बोलले ते खोटं होतं. हळू बोलले तेवढंच खरं होतं. तुमी खरं होतं तेवढंच कापलं." बाबांनी उघडं युनिट पुढ्यात ओढलं आणि स्क्रू आवळायला सुरुवात केली. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचे पाच दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. आई झिंगे-वांग्याची भाजी करायची, तांदळाच्या भाकरी थापायची, आणि ताटं तशीच अर्धी परत यायची. मी कॉलेजात गेले नाही. येष्टीचा हॉर्न ऐकू आला की दार ओढून घ्यायची. दिगांबरने पाठवलेला कागद बाबांनी खिशात ठेवला होता. तो काढून ते पडवीत बसून वाचायचे, ओठ हलवत. आयुष्यभर त्यांनी माईकमध्ये 'हॅलो' या शब्दापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं. कागद पुस्तकी मराठीत होता. एका दुपारी त्यांनी मला बोलावून एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, निराधार म्हणजे म्हातारे-विधवा ना, ज्यायले सरकारचा पगार भेटते? मी सांगितलं, इथे तसं नाही, इथे बिनबुडाचं. त्यांनी मान हलवली आणि तो शब्द पुन्हा ओठांत घोळवला. त्यांच्यावर ही वेळ माझ्यामुळे आली आणि वर शब्दाचा अर्थही मीच सांगायचा, याची मला इतकी लाज वाटली की मी मागच्या दारी जाऊन रडले.

बाजाराच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्या मी स्टेजवर राहीन. मशीनवर कोन बसंल? तूच बस." आई नको नको म्हणाली. पण मशीन कुणा परक्याच्या हाती द्यायला बाबा तयार नव्हते. संध्याकाळी त्यांनी मला पोत्यावर बसवलं, माझी दोन बोटं बटणावर ठेवली आणि वरून आपली ठेवली. किती फिरवायचं, किती हळू, किती वेळ थांबायचं. "मानेकडे पाय," ते म्हणाले, "तोंडाकडे पायशील तं उशीर होते." बटण तेलकट आणि गुळगुळीत होतं, त्यांच्या बोटांनी झिजलेलं.

सभेला गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट होती. चित्राने ती जमवली होती, हे मला गावात शिरताशिरताच कळलं. एका पानठेल्यावर तो अंक सुतळीला टांगलेला होता. स्टेज पुन्हा कालव्याच्या पाळीवरच. बायका पाळीच्या उतारावर पाय सोडून बसल्या होत्या, पुरुष खाली धानाच्या रिकाम्या बांधीत. ऊन कलतं होतं आणि वारा पडला होता. भाऊसाहेब हसत होते, हात जोडत होते. दिगांबर स्टेजच्या पायरीशी उभा होता, मशीनपासून चार हातांवर. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, शाईने काळ्या झालेल्या नखांकडे. मी बोटं आत वळवली. त्याला तेव्हाच उमगलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

भाऊसाहेब दोन मिनिटं बोलले आणि म्हणाले, विरोधक माझी बदनामी करत आहेत, पण मी काही बोलणार नाही, आपल्या सर्वांचे विश्वासू मधुकरराव बोलतील. बाबांना कुणी मधुकरराव म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते माईकसमोर आले. माईकची उंची त्यांनी सवयीने नीट केली, मागे सरकले, मग आठवलं की बोलायचं आपल्यालाच आहे, आणि पुन्हा पुढे झाले. कागद उघडला. त्यांनी वाचलं, एकेक शब्द सुटा सुटा: मी मधुकर, माईकवाला, त्या दिवशीच्या सभेत मशीनवर उपस्थित होतो. वृत्तपत्रात छापून आलेले वाक्य निराधार आहे. भाऊसाहेबांच्या तोंडचे असे कोणतेही वाक्य उपस्थितांनी ऐकलेले नाही. एवढंच होतं. दिगांबरने मान डोलावली.  घर वाचलं असं मला वाटलं, पण बाबा खोटं बोलले होते, आणि ते माझ्यासाठी बोलले होते.

बाबा वळणार एवढ्यात बांधीतून एक म्हातारा उठला. त्याने रागाने नाही, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं, "मधू, आमी नाही आयकलं ते खरं हाये गा. पन तू? तुले तं सगळं आयकू येते."

ते कागदावर नव्हतं. बाबा माईककडे परत वळले. मी शिकल्याप्रमाणे त्यांच्या मानेकडे पाहिलं. ती दिगांबरकडे वळली नाही, भाऊसाहेबांकडे वळली नाही, त्या म्हाताऱ्याकडे सरळ झाली. कागद धरलेला हात खाली आला. माझी दोन बोटं बटणावर होती. मला सगळं आधीच दिसलं: आता ते कागदावाचून बोलणार, त्यांना बोलायची सवय नाही, आणि जे निघेल ते त्यांच्या पोटातलंच निघेल. बटण फिरवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट वेळ माझ्याजवळ होता. दिगांबर माझ्याकडेच बघत होता, हाताने खाली, खाली, अशी खूण करत. मी बोटं हलवली नाहीत.

"तुमी नाही आयकलं," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कामाचा अभिमान होता, मला तो स्पष्ट ऐकू आला. "तुमी आयकूच नाही शकत. तुमच्यापरेंत जाऊ नाही म्हनून तं मी बटन फिरवलं. ते वाक्य मीनं भोंग्यात येऊच देलं नाही. बराबर टायमावर बंद केलं."

सगळं इतकं शांत झालं की कालव्यातल्या बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू आल्या. बाबांनाही तेव्हाच कळलं असावं. त्यांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. मग पाळीवर बसलेली एक बाई मागे वळून, हात लांब करून, कालवा दाखवत भाऊसाहेबांना म्हणाली, "हा पाहा जी, इथं हाये." आणि हसू फुटलं. आधी बायकांत, मग खाली, मग सगळीकडे. भाऊसाहेबही हसले, दुसरं काय करणार. पण हार काढून खुर्चीवर ठेवला आणि गाडीकडे चालायला लागले. दिगांबर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मारतो की काय असं वाटलं. त्याने फक्त बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "सामान उचल, मधू. कोनत्याच सभेत दिसू नोको आता."

आणि ते तसंच झालं. त्या निवडणुकीत नाही, त्यापुढच्याही नाही, बाबांना कुणा पक्षाने सभेला बोलावलं नाही. लग्नं आणि मंडई यांवर आमचं घर चाललं, ओढूनताणून. दिगांबर माझ्या वाटेला गेला नाही. सगळ्या गावाला ठाऊक झालेल्या गोष्टीसाठी कुणाला शोधायचं राहिलंच नव्हतं. ते बोलणं बाबांकडून घसरून गेलं की त्यांनी जाणून केलं, हे लोक पुढे कित्येक वर्षं विचारत. मला विचाराल तर ते घसरलं. माझं मात्र घसरलेलं नव्हतं. मी समजून उमजून हात तसाच ठेवला होता, बाबांचं काम जाणार हे दिसत असताना. मी त्या एका क्षणात बापापेक्षा खरं बोलणं मोठं मानलं, आणि असं मी पुन्हा करेन की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघं सामान आवरायला लागलो. मी तार गुंडाळत होते, बाबा भोंगे उतरवत होते. एक स्टेजपाशी, एक पिंपळाला, एक चावडीवर, आणि चौथा पार शेवटी, बांध्यांपलीकडे मोहाच्या झाडाला बांधलेला.  बाबा झाडावर चढले, दोर सोडला, भोंगा माझ्या हातात दिला, आणि वरच एका फांदीवर बसून राहिले.

"तुले येळ होता," ते म्हणाले. "बटन काऊन नाही फिरवलं?"

मी वर पाहिलं.   "तुमी बोलून रायले होते, बाबा," मी म्हटलं. "मले आयकाचं होतं."

ते खाली उतरले. हात झटकले. मग स्टेज होतं त्या दिशेला, आम्ही चालत आलो तेवढ्या सगळ्या अंतराकडे, एकदा बघितलं.

"इथपरेंत आलं का बराबर?"

"बराबर आलं," मी म्हटलं. "येकयेक शब्द."

त्यांनी माझ्या हातातून भोंगा घेतला, खांद्यावर टाकला, आणि आम्ही बांधाबांधाने सामानाच्या गाडीकडे निघालो.